तटस्थ राहिलात तर कोरम मोडतो का? सोसायटीच्या सभेसाठी पायरी-पायरीने

सोसायटीच्या सभेत हात वर करायची वेळ आली की चार-पाच जण हमखास मोबाइलमध्ये डोकं घालतात. बाजूने नाही, विरोधात नाही, "आम्ही आपले तटस्थ." मग मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणतं, "एवढे लोक तटस्थ म्हणजे कोरमच गेला!" त्याला उत्तर येतं, "तटस्थ म्हणजे विरोधातच धरायचं." इथून पुढचा अर्धा तास ठराव बाजूला पडतो आणि वाद मोजणीवर सुरू होतो.

थोडक्यात सांगायचं तर कोरम, म्हणजे गणपूर्ती (सभा चालायला लागणारी किमान हजेरी), डोक्यांवर मोजतात आणि ठराव हातांवर. तटस्थ माणसाचं डोकं मोजलं जातं, हात मोजला जात नाही. तो खुर्चीत बसून आहे तोवर गणपूर्तीत धरला जातो, मग मत देवो न देवो. तटस्थ राहण्याचा खरा परिणाम ठराव संमत होण्यावर होतो, आणि तो नेमका किती होतो हे तुमच्या उपविधीतल्या, म्हणजे संस्थेच्या नोंदणीकृत नियमांतल्या, दोन-तीन शब्दांवर ठरतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. नवीन सचिव, पहिल्यांदा समितीवर आलेले किंवा नुकताच फ्लॅट घेऊन पहिल्या सभेला निघालेले सभासद, यांच्यापैकी कोणीही असाल तरी पायऱ्या त्याच आहेत.

सभेला जाताना हाताशी काय हवं

- तुमच्या संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत. शेजारच्या सोसायटीची किंवा इंटरनेटवरून उतरवलेली नको. अनेक संस्थांनी २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारले आहेत, पण जुन्याच उपविधींवर चालणाऱ्या संस्थाही आहेत. तुमच्या संस्थेने स्वीकारलेली आणि नोंदवलेली प्रत तीच खरी.
- सभेची नोटीस, विषयपत्रिकेसह. खालच्या बारीक ओळीसुद्धा वाचा.
- 'जे' नमुन्यातली सभासदांची यादी. एकूण सभासद किती, हे तिच्यावरून ठरतं. फ्लॅट मोजून काढलेला आकडा चुकू शकतो.
- हजेरीपट आणि सहयोगी सभासदांनी (मूळ सभासदाच्या लेखी संमतीने त्याच्या जागी येणाऱ्यांनी) आणलेली संमतीपत्रं.
- प्रत्येक ठरावासाठी चार रकाने आखलेला कागद: बाजूने, विरोधात, तटस्थ, सभागृहात हजर.

१. गणपूर्तीचा आकडा आधीच काढून ठेवा

२०१४ च्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेची गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांपैकी जे कमी असेल ते. २४ सभासद असतील तर दोन-तृतीयांश म्हणजे १६, आणि १६ हा २० पेक्षा कमी, म्हणून गणपूर्ती १६. तीस सभासदांना दोन्ही आकडे सारखेच येतात. तिसाच्या पुढे कितीही सभासद असोत, ४८ असोत की ४००, गणपूर्ती २० च. अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक धरा: १३ सभासदांचे दोन-तृतीयांश ८.६७ होतात, म्हणजे ९ जण हवेत.

इथे नवखे एक चूक करतात. एका फ्लॅटमधून नवरा-बायको दोघं आले, दोघांनी सह्या केल्या, की दोन डोकी धरतात. तसं नाही. एका सभासदत्वाला एक मत आणि गणपूर्तीतही एकच डोकं. भाडेकरू मोजत नाहीत. कुलमुखत्यारपत्र घेऊन आलेला पुतण्याही मोजत नाहीत, कारण गृहनिर्माण संस्थेच्या सभेत प्रतिनिधी किंवा मुखत्यार चालत नाही.

२. घड्याळ बघा

सभेच्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. पुढे काय, हे नोटिशीत लिहिलेलं असतं. "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही" ही ओळ जवळजवळ प्रत्येक नोटिशीच्या तळाशी असते आणि जवळजवळ कोणीच वाचत नाही. ती असेल तर त्याच दिवशी, जे हजर असतील त्यांच्यात, मग ते सात जण का असेनात, कामकाज होऊ शकतं. ती ओळ नसेल तर त्याच दिवशी सभा उरकता येत नाही. मग ७ दिवसांच्या आत नाही आणि ३० दिवसांच्या पुढे नाही, अशी तारीख घ्यावी लागते.

एक अपवाद लक्षात ठेवा. सभासदांनी मागणी करून बोलावलेली विशेष सभा असेल आणि गणपूर्ती झाली नाही, तर ती तहकूब होत नाही, रद्दच होते. मागणीपत्रावर सह्या करणाऱ्यांनी स्वतः वेळेवर येऊन बसलं पाहिजे. सह्या करून घरी थांबणारे आपलीच सभा बुडवतात.

आता यातली गंमत बघा. ठरावाला विरोध म्हणून "आपण जायचंच नाही, कोरम होऊ द्यायचा नाही" असं ठरवणारे गट प्रत्येक सोसायटीत असतात. नोटिशीत वरची ओळ असेल तर हा डाव उलटतो. ते घरी बसतात, अर्ध्या तासाने बिनकोरमची सभा भरते आणि ठराव विरोधाशिवाय संमत होतो. विरोध करायचा असेल तर जाऊन विरोधात हात वर करा.

पुनर्विकासाचा विषय मात्र या चौकटीत बसत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्या सभेला एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश उपस्थिती लागते. २० चा सवलतीचा आकडा तिथे नाही. ४८ सभासदांच्या संस्थेत ३२ जण हवेत, आणि अर्ध्या तासाने सात जणांत तो विषय उरकता येत नाही.

३. सह्या मोजू नका, माणसं मोजा

हजेरीपटावर २३ सह्या आहेत म्हणजे सभागृहात २३ जण आहेत असं नाही. सही करून, चहा घेऊन, "मला जरा बाहेर जायचंय" म्हणून निघालेले तीन-चार जण कायम असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ प्रमाणे सभा चालू असतानाही गणपूर्ती टिकावी लागते. ती कमी झाल्याचं अध्यक्षांच्या लक्षात आलं किंवा एखाद्या सभासदाने लक्षात आणून दिलं, तर सभा तहकूब करून उरलेलं कामकाज पुढच्या वेळेवर ढकलता येतं. तोवर झालेले ठराव त्यामुळे पुसले जात नाहीत.

म्हणून वादाचा ठराव मताला टाकण्याआधी सचिवाने उठून एकदा डोकी मोजावीत आणि आकडा मोठ्याने सांगावा: "आत्ता सभागृहात २२ सभासद हजर आहेत." तो कागदावर वेळेसकट लिहावा. आक्षेप असणाऱ्या सभासदानेही तेव्हाच बोलावं. तीन आठवड्यांनी उपनिबंधकांकडे "त्या वेळी कोरम नव्हता" असा अर्ज केला आणि त्या दिवशीची कसलीच नोंद नसली, तर सिद्ध करणं अवघड जातं.

४. ठराव कशावर मोजायचा, ते शब्द शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. उपविधी, नियम किंवा कायद्यात बहुमत तीनपैकी एका पद्धतीने लिहिलेलं असतं:

- "उपस्थित राहून मतदान करणाऱ्या" सभासदांचं बहुमत
- "उपस्थित" सभासदांचं बहुमत
- "एकूण" सभासदांचं बहुमत

ऐकायला तिन्ही सारखीच वाटतात. आकडे घालून बघा. संस्थेत ४८ सभासद, सभागृहात २३. इमारतीच्या रंगकामाच्या ठरावावर ९ बाजूने, ६ विरोधात, ८ तटस्थ. गणपूर्तीला २० हवेत, २३ आहेत, त्यामुळे तटस्थ आठ जणांनी कोरमला काहीही धक्का लावलेला नाही. उलट ते आठ बसून आहेत म्हणूनच कोरम टिकला आहे. ते नसते तर १५ च उरले असते.

पहिल्या पद्धतीत मतं पडली १५. त्यात ९ विरुद्ध ६, ठराव संमत. दुसऱ्या पद्धतीत २३ चं बहुमत म्हणजे १२, ९ अपुरे, ठराव नामंजूर. तिसऱ्या पद्धतीत ४८ चं बहुमत २५, तिथे तर प्रश्नच नाही. माणसं तीच, हात तेच, तरी निकाल दोन. पहिल्या पद्धतीत तटस्थ माणूस हिशेबातून बाहेर पडतो. उरलेल्या दोन्हींत त्याची चुप्पी विरोधी मताचं काम करते. सभेत "तटस्थ म्हणजे विरोध" म्हणणारा आणि "तटस्थ म्हणजे काहीच नाही" म्हणणारा, दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. फक्त ते वेगवेगळी वाक्यं डोक्यात धरून भांडत असतात.

ठरावाचा प्रकार बदलला की पद्धतही बदलू शकते, म्हणून एकदा बघून सोडून देऊ नका. व्यवस्थापक समितीतला अविश्वास ठराव मतदानाचा हक्क असलेल्या एकूण समिती सदस्यांवर मोजतात. तिथे तटस्थ बसणारा सदस्य प्रत्यक्षात अध्यक्षाला वाचवत असतो. उपविधी दुरुस्तीला हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं, आणि तिथला हिशेब मोठा बेरकी आहे. वरच्याच उदाहरणात ९ विरुद्ध ६ असेल तर १५ चे दोन-तृतीयांश १०, एका मताने दुरुस्ती पडते. पण विरोधातल्या सहांपैकी दोघांनी शेजाऱ्याशी वाईटपणा नको म्हणून हात खाली घेतला तर? मतं उरली १३, त्याचे दोन-तृतीयांश ८.६७, म्हणजे ९. दुरुस्ती संमत! बाजूने एकही मत वाढलेलं नाही. ठराव पडावा असं मनातून वाटत असताना भिडेखातर तटस्थ राहणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून बघावं.

संसदेतही हाच फरक चालतो. लोकसभेची गणपूर्ती एकूण सदस्यांच्या एक-दशांश. साधा ठराव हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतो. घटनादुरुस्तीला मात्र मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांशाबरोबर एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही लागतं, म्हणजे ५४३ पैकी किमान २७२. खासदारांच्या मतदान यंत्रात हिरवं, लाल आणि तटस्थतेसाठी पिवळं अशी तिन्ही बटणं असतात ती यासाठीच, की गप्प बसलेला सदस्य हजर होता याचीही नोंद राहावी. तिथे पक्षादेश मोडून तटस्थ राहिलं तर पक्षांतरबंदीखाली सदस्यत्व जाऊ शकतं. सोसायटीत तेवढी जोखीम नाही, फक्त लिफ्टमध्ये बोलणं बंद होतं.

५. मोजणी तीन वेळा करा

"सगळ्यांना मान्य?" "मान्य!" असा गलका झाला की सचिव "सर्वानुमते संमत" लिहून मोकळा होतो. वादाच्या विषयावर हे करू नका. आधी बाजूचे हात, मग विरोधातले, आणि मग स्पष्ट विचारा: "तटस्थ कोण?" तिसरा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही. एकूण हजर वजा दोन्हीकडची मतं म्हणजे तटस्थ, असा हिशेब लावतात. त्यात बाल्कनीत फोनवर बोलणारे, जिन्यात उभे असलेले, सगळेच तटस्थ होऊन बसतात.

मोजणाऱ्याने एका टोकाकडून रांगेने जावं. हात मोजून होईपर्यंत वरच राहू द्यावेत. मोजणारे दोघं असावेत, एक बाजूच्या गटातला आणि एक विरोधातला. तिन्ही आकड्यांची बेरीज हजर संख्येशी जुळली पाहिजे. ९, ६ आणि ८ मिळून २३. जुळली नाही तर कोणी दोन्ही वेळा हात वर केला आहे किंवा कोणी उठून गेलं आहे. पुन्हा मोजा, लाजू नका.

मतं समसमान पडली तर? ८ विरुद्ध ८, सात तटस्थ. सहकार कायद्याच्या कलम २७ नुसार अशा वेळी अध्यक्षांना निर्णायक मत असतं. म्हणजे सात जणांनी न घेतलेला निर्णय एकट्या अध्यक्षांच्या हाती जातो. हे जादा मत फक्त समसमान झाल्यावरच मिळतं. एरवी अध्यक्षही एकाच मताचे धनी, आणि गणपूर्तीत त्यांचंही एकच डोकं.

६. तटस्थ बसणं आणि उठून जाणं यांत गल्लत नको

सभात्याग केला की माणूस दोन्ही हिशेबांतून जातो. २३ पैकी चौघे उठून गेले की उरले १९, वीसाच्या खाली, आणि आता कोरम खरोखर मोडतो. हेच चौघे जागेवर बसून तटस्थ राहिले असते तर मोडला नसता. पण ही सभा मुळातच गणपूर्तीअभावी तहकूब होऊन पुन्हा भरलेली असेल तर सभात्यागाचा कोरमवर काहीच परिणाम नाही, कारण तिला कोरम लागतच नाही. बाहेर पडण्याआधी आपण पहिल्या सभेत बसलो आहोत की दुसऱ्या, हे तपासून घ्या.

बाहेर जाणाऱ्याचं नाव आणि वेळ सचिवाने लिहून घ्यावी. दारात उभं राहून आत डोकावणाऱ्याला सरळ विचारावं, "काका, आत आहात की बाहेर?" ऐकायला विचित्र वाटतं, पण एका डोक्यावर सभा असते तेव्हा हाच प्रश्न लागतो.

७. समितीच्या बैठकीत आकडे लहान, म्हणून जपून

शंभरपर्यंत सभासद असलेल्या संस्थेत आदर्श उपविधींप्रमाणे समिती ११ जणांची आणि गणपूर्ती ६. बरोबर सहाच जण आले, त्यातले तिघे तटस्थ, दोघे बाजूने, एक विरोधात. कोरम शाबूत आहे, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांवर मोजायचं असेल तर दोन मतांवर ठराव संमत होतो. कायद्याने चुकत नाही, पण दोन मतांवर पाण्याच्या टाकीचं कंत्राट देणाऱ्या समितीने पुढच्या सर्वसाधारण सभेत प्रश्नांची तयारी ठेवावी.

खरी अडचण येते ती हितसंबंधाच्या विषयात. एखाद्या सदस्याच्या भावाचं कोटेशन समितीपुढे आलं आहे. "मी तटस्थ राहतो" एवढं म्हणून तो खोलीतच बसला तर पुढे आक्षेप येतोच. सुरक्षित रीत अशी: त्याने हितसंबंध आधी सांगावा, चर्चा आणि मतदान होईपर्यंत बाहेर जावं, आणि त्याला सोडूनही सहा जण उरतात का हे बघावं. सहाच हजर असतील तर तो बाहेर पडताच पाच उरतात आणि तो विषय त्या दिवशी घेता येत नाही. असा विषय असेल तेव्हा आठ-नऊ जण येतील अशी आधीच व्यवस्था करा.

कंपनीच्या संचालक मंडळात हीच गोष्ट कायद्यात लिहिलेली आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७४ नुसार हितसंबंध असलेला संचालक त्या विषयापुरता गणपूर्तीत धरला जात नाही. खासगी कंपन्यांना मात्र २०१७ पासून सूट आहे, तिथे हितसंबंध जाहीर केला की तो मोजता येतो. नोकरीत कंपनी सेक्रेटरीचं काम करणारे सोसायटीच्या समितीवर आले की हा नियम जसाच्या तसा इथे लावू बघतात. तसं करू नका. इथे तुमचे उपविधीच बघायचे.

८. इतिवृत्तात चारही आकडे उतरवा

नमुना असा ठेवता येईल:

"विषय क्र. ४, इमारतीचे रंगकाम. मतदानाच्या वेळी (११.५०) हजर सभासद २३, आवश्यक गणपूर्ती २०. ठरावाच्या बाजूने ९, विरोधात ६, तटस्थ ८. उपविधीनुसार उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सभासदांच्या बहुमताने ठराव संमत. सूचक: फ्लॅट क्र. … अनुमोदक: फ्लॅट क्र. …"

तटस्थ सभासद असताना "सर्वानुमते" हा शब्द वापरू नका. कोणी विरोध केला नसेल तर "विरोधाशिवाय", विरोध असेल तर "बहुमताने" असं लिहा. एखाद्याला आपली तटस्थता किंवा विरोध नावानिशी नोंदवून हवा असेल तर त्याने सभेतच तसं सांगावं आणि सचिवाने फ्लॅट क्रमांकासह लिहून घ्यावं.

तुम्ही सभासद असाल तर इतिवृत्ताचा मसुदा हातात आल्यावर आधी हे चार आकडे शोधा. तटस्थांचा आकडा गाळलेला असेल किंवा बेरीज जुळत नसेल, तर मसुद्यावर हरकत घेण्याच्या मुदतीतच सचिवांना लेखी द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज ही पोच नव्हे.